वेप सिगारेटपेक्षा बरी का, आणि बॅचमधली मुलं खरं लिहितील का?

प्रश्न विचारणारा मुलगा मूळचा निपाणीचा, बेळगावात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विभागातल्या मॅडमनी त्याला एक छोटा प्रकल्प दिलाय: वैद्यकीय विद्यार्थ्यांना ई-सिगारेटबद्दल काय माहिती आहे, तिच्याबद्दल त्यांचं मत काय आणि प्रत्यक्षात वापरतात किती जण. तो लिहितो, बॅचमध्ये सगळ्यांना सगळं पाठ आहे, तरी हॉस्टेलवर वेप, म्हणजे हीच ई-सिगारेट, सर्रास चालते आणि परीक्षेच्या दिवसांत तो स्वतःही ओढतो; त्याआधी सिगारेट ओढत नव्हता. म्हणून त्याला दोन गोष्टी हव्यात. वेप सिगारेटपेक्षा खरंच कमी घातक आहे का? आणि फॉर्म वाटला तर मुलं खरं लिहितील का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडून चंदगड-गडहिंग्लज या पट्ट्यातले रुग्ण बघतो, तंबाखू सोडवण्याची ओपीडी चालवतो, विद्यार्थीही हाताखालून जातात. तू त्यांच्याच वयाचा, तेव्हा एकेरीत लिहितो.

तुझे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात. माहिती असणं आणि वागणं यांत अंतर आहे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर माहितीच वागण्याची वकिली करायला उभी राहते. इंजिनिअरिंगचा पोरगा वेप ओढताना ‘चालतंय की रे’ म्हणून मोकळा होतो. आपला पोरगा मोबाईलवर पेपर उघडून दाखवतो. तेव्हा आधी त्या पेपरांचंच बघू.

सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सर करणारी डझनावारी रसायनं तयार होतात. वेपमध्ये ज्वलन नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण, त्यात निकोटीन आणि वास-चव, हे गरम तारेवर तापून त्याचे तुषार होतात. म्हणून चाळीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे वेपवर गेला तर त्याच्या शरीरात जाणारं विष कमी होतं, हे मी नाकारत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं २०१५ साली ‘सुमारे ९५ टक्के कमी घातक’ असा आकडा दिला, तोच तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतो. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सिगारेट सोडू पाहणाऱ्यांपैकी ई-सिगारेट दिलेले १८ टक्के वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते. निकोटीनचे गम-पॅच दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण ९.९ टक्के होतं. इथपर्यंत मुलं वाचतात. त्याच पेपरात पुढे लिहिलंय की ई-सिगारेटच्या गटात जे सिगारेटमुक्त झाले, त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. गम-पॅचच्या गटात ९ टक्केच ते वापरत होते. म्हणजे धूर सुटला, निकोटीन राहिलं.

आता हे सगळं तुला लागू होतं का, ते बघ. ती माणसं आधीपासून सिगारेट ओढणारी होती. तू सिगारेट ओढत नव्हतास, हे तूच लिहिलंयस. मग तुझी तुलना सिगारेटशी कशाला? तुझी तुलना तुझ्याच निर्मळ फुप्फुसाशी व्हायला हवी आणि तिथं वेप सरळ तोट्यात जाते. दुसरं, ब्रिटनमधल्या मालावर कायद्याची मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन, त्याहून जास्त नाही. एवढं करूनही तिथं जून २०२५ पासून वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. आपल्याकडे विक्रीच बेकायदा, त्यामुळे जे काही हातात पडतं ते चोरट्या वाटेनं आलेलं. डबीवर काय छापलंय आणि आत काय भरलंय याची जबाबदारी कोणाचीच नाही. ‘निकोटीन शून्य’ लिहिलेल्या द्रवात निकोटीन सापडल्याचं परदेशातल्या तपासण्यांत दिसलेलं आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे १०.७ टक्के आणि खाणारे-लावणारे २१.४ टक्के; काही जण दोन्हींत मोजलेले. म्हणजे ‘सिगारेटवरून वेपवर’ हा जो फायद्याचा मार्ग सांगतात, तो मुळात लहान गटासाठी आहे. गुटखा-मशेरीवाल्याला त्याचा उपयोग नाही, आणि कधीच काही न घेतलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तर नाहीच नाही.

आता तू ओढतोस ती वस्तू हातात घे आणि लेबल वाच. बहुतेकांवर ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं. पाच टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. डिव्हाइस १० मिलिलिटरचं असेल तर आत ५०० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जातं. निम्मं निकोटीन वाया गेलं असं धरलं तरी उरलेलं दीडशेहून जास्त सिगारेटींच्या बरोबरीचं होतं. ते तू दोन महिन्यांत संपवतोस की दहा दिवसांत, यावर तुझं पुढचं सगळं अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. हिशेब तूच मांड. लेबल खोटं असू शकतं हे गृहीत धरूनच मांड.

एवढं निकोटीन घशाला न टोचता आत कसं जातं? साधं निकोटीन अल्कधर्मी, घसा खरवडतं. त्यात बेंझॉइक ॲसिड घालून क्षार केला की पीएच खाली येतो, म्हणजे अल्कधर्मीपणा कमी होतो, झुरका गुळगुळीत होतो आणि पहिल्यांदा ओढणाऱ्यालाही ठसका लागत नाही. सिगारेटचा पहिला झुरका पोराला खोकला काढून हाकलून तरी देत असे. इथं ती चौकी उठली आहे. शिवाय सिगारेट संपते. टपरीवर एक सुटी सिगारेट घेतली, ओढली, चहा प्यायला, निघालो. वेप संपत नाही. उशाखाली असते, पुस्तकाच्या पानावर असते, दर दोन मिनिटांनी एक झुरका आणि मोजणी कुणीच ठेवत नाही. ॲप्रनला वास येत नाही, वॉर्डनला कळत नाही, राउंडला पेशंटसमोर उभं राहताना तोंडाचा वास लपवावा लागत नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या दिनक्रमात ती इतकी सहज बसते, ती त्यामुळेच.

‘परीक्षेत ओढली की लक्ष लागतं’ असं तू लिहिलंयस. लागतं, खोटं नाही. पण फार्माकॉलॉजीत शिकलास ते आठव. निकोटीनचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण दोन तासांचा. सवय लागलेल्या मेंदूत पातळी उतरली की चिडचिड, बेचैनी, वाचलेलं डोक्यात न शिरणं सुरू होतं. झुरका घेतला की ते थांबतं आणि तुला वाटतं वेपमुळे लक्ष लागलं. पहिल्या-दुसऱ्या वेळी थोडी उत्तेजना मिळत असेल. त्यानंतर बहुतेक वेळा तू आधीच्या झुरक्यानं काढलेलं कर्ज फेडत असतोस.

दुष्परिणामांबद्दल सांगताना मी विद्यार्थ्यांना घाबरवत नाही, कारण घाबरवलं की ते चूक शोधतात आणि चूक सापडली की बाकीचं खरंही फेकून देतात. उदाहरण अमेरिकेतल्या २०१९ च्या साथीचं घे. वेप ओढणाऱ्या तरुणांना अचानक तीव्र फुप्फुसदाह झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. पण त्यांतल्या बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीचं तेल ओढलं होतं आणि मुख्य संशयित ठरलं ते त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. तेव्हा ‘वेप ओढलीस की असं होणार’ असं मी म्हणणार नाही. म्हणेन ते एवढंच, की आपल्याकडच्या विनालेबल मालात काय मिसळलंय हे तुला माहीत नाही, मलाही नाही. धाप, छातीत दुखणं, ताप आणि त्याबरोबर उलट्या-जुलाब सुरू झाले तर कॅज्युअल्टीत वेपबद्दल सांग. त्या आजाराची सुरुवात कित्येकदा पोटाच्या तक्रारीनं होते, आणि हिस्ट्रीत वेप आली नाही तर डॉक्टर न्यूमोनिया समजून औषध देत बसतो.

बाकी जे रोज बघतो ते कमी नाट्यमय असतं. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर वाढलेला, न जाणारा कोरडा खोकला, धावताना लागणारा दम, वाढलेले ठोके. दमा नसेल आणि महिन्यातून चार झुरके असतील तर तुला कदाचित काहीच जाणवणार नाही. तीस-चाळीस वर्षांनी काय होईल याचं उत्तर आज जगात कुणाकडे नाही, कारण ही वस्तू बाजारात आली त्याला तेवढी वर्षंच झालेली नाहीत. पहिलं आधुनिक डिव्हाइस चीनच्या होन लिक नावाच्या फार्मासिस्टनं २००३ च्या सुमारास बनवलं. सिगारेटनं कॅन्सर होतो हे सिद्ध व्हायला किती दशकं लागली ते तू पीएसएमला, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विषयात, वाचलंच असशील.

कायद्याबद्दल मुलांचा गोंधळ फार. कर्नाटकानं विक्रीवर २०१६ मध्येच बंदी आणली होती. देशभराची बंदी सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशानं आली आणि डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. ‘गोव्यात चालतं’ ही बेळगावातली आवडती अफवा. चोर्ला घाट उतरला की दारू स्वस्त होते, केंद्राचा कायदा बदलत नाही. चंदगडच्या बाजूलाही नाही. या कायद्यात उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात यांना शिक्षा आहे. नुसत्या ओढण्याला शिक्षा सांगणारं स्वतंत्र कलम त्यात नाही, हे तुमच्यातल्या हुशारांनी शोधून काढलेलं असतंच. पण हॉस्टेलवर एक जण पाच जणांसाठी मागवतो, खोलीत ठेवतो, पैसे घेऊन देतो, तेव्हा तो विक्री आणि साठवण या दोन्हींत आला. विक्रीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजारांपर्यंत. डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाच्या नावावर असली केस नको.

आता तुझं स्वतःचं. ‘फक्त परीक्षेपुरती’ असं तू म्हणतोस, ते खरं असेलही. एक साधी पारख सांगतो. परीक्षा नसलेल्या आठवड्यात सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात हात तिकडे जातो का? रात्री जाग आली की जातो का? वॉर्डात चार तास अडकलास तर चिडचिड होते का? तिन्ही ‘नाही’ असतील तर ती आजच कचऱ्यात टाक, वेगळ्या औषधाची गरज नाही. एखादंही ‘हो’ असेल तर नुसत्या निश्चयावर विसंबू नकोस. कमी टक्क्याची घेऊन हळूहळू उतरणं आपल्याकडे जमत नाही, कारण टक्केवारीचाच भरवसा नाही. इंटर्नल परीक्षा संपल्यावरची तारीख धर. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, झोप उडते, भूक वाढते; दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. २ मिलिग्रॅमची निकोटीन गम चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती च्युइंगमसारखी चघळायची नसते. चार-सहा वेळा चावायची, तिखट झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. तोंडातल्या आम्लामुळे निकोटीन शोषलं जात नाही. आमच्याकडे येणारे निम्मे लोक ती गुटख्यासारखी चावून रस गिळतात आणि उचक्या लागल्या की ‘औषध सोसत नाही’ म्हणून सोडतात.

सवय घट्ट असेल तर व्हॅरेनिक्लिन ही सवय सोडवायची गोळी आहे, डॉक्टरच्या देखरेखीखाली. २०२५ मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात १६ ते २५ वयाच्या वेप ओढणाऱ्यांवरची चाचणी आली. बारा आठवड्यांच्या उपचारातल्या शेवटच्या चार आठवड्यांत वेपपासून पूर्ण दूर राहिलेले औषधाच्या गटात ५१ टक्के होते, नकली गोळीच्या गटात १४ टक्के. मळमळ आणि विचित्र स्वप्नं पडतात, तेवढं सांगून ठेवतो. स्वतःच्या कॉलेजच्या ओपीडीत जायला संकोच वाटत असेल तर कोल्हापूर-हुबळी लांब नाही. तेही नको तर राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, १८००-११२-३५६ फुकट आहे.

राहिला सर्व्हे. तो समजायला माझ्या ओपीडीतला रोजचा संवाद ऐक. चिकोडीकडची साठीची बाई, आयुष्यभर विड्या वळलेली. विद्यार्थी विचारतो, ‘आजी, काही व्यसन? तंबाखू वगैरे?’ ती म्हणते, ‘न्हाई ओ डाक्टर, तसलं काय न्हाई.’ विद्यार्थी केसपेपरवर ‘व्यसन नाही’ लिहून मोकळा. मग मी विचारतो, ‘दात कशानं घासतासा?’ ‘मशेरी लावतो की. सकाळ-सांजला. आन् मधी पोटात गॅस धरला तर.’ बाई खोटं बोलली नाही. तिच्या लेखी व्यसन म्हणजे नवऱ्याची दारू. मशेरी त्यात येतच नाही.

तू निपाणीचा, तुला हे मी काय सांगू. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. ज्या घरात तंबाखूवर चूल पेटली, तिथं तंबाखूला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही, आणि म्हणूनच सरळ प्रश्नाला सरळ उत्तर येत नाही. तुझ्या बॅचमेटचंही तसंच. ‘तुम्ही ई-सिगारेट वापरता का?’ विचारलंस तर ‘नाही’ येईल, कारण तो फक्त मित्राच्या ‘पॉड’मधून झुरका घेतो, स्वतःची नाही. म्हणून तुम्ही आपसात जी नावं वापरता तीच लिही, चित्र दे, आणि मित्राकडून घेतलेला एक झुरकाही धरायचा हे स्पष्ट लिही. आयुष्यात कधी, आणि गेल्या ३० दिवसांत किती दिवस, हे दोन प्रश्न वेगळे ठेव. सिगारेटही ओढतो का, हा तिसरा. नाहीतर एकदा चाखलेला आणि रोज ओढणारा एकाच रकान्यात जातील.

क्रमही उलटा कर. बहुतेक प्रश्नावल्या माहितीपासून सुरू होतात: निकोटीन असतं का, बंदी आहे का, हृदयावर परिणाम होतो का. दहा प्रश्नांत मुलाला कळतं की इथं शहाण्यासारखी उत्तरं द्यायचीत, आणि मग वापराच्या प्रश्नावर तो ‘कधीच नाही’ लिहितो. वापर आधी विचार, माहिती नंतर. माहितीतही ‘घातक आहे का?’ असले प्रश्न वाया. सगळ्यांना पैकीच्या पैकी पडतील. पाच टक्क्यांचा हिशेब विचार, निकोटीन गम आणि वेप यांत फरक काय ते विचार, गोव्यात कायदा लागू आहे का ते विचार. मताच्या भागात मी एकच प्रश्न सक्तीचा करीन: दम्याच्या पेशंटनं विचारलं, ‘डॉक्टर, विडी सोडून हे घेऊ का?’, तर काय सांगाल? वेप ओढणारा विद्यार्थी इथं काय लिहितो आणि न ओढणारा काय, हा तुझ्या प्रकल्पातला सगळ्यांत कामाचा तक्ता होईल असं मला वाटतं.

गुप्ततेचं नीट बघ. एथिक्स कमिटीची परवानगी आधी. गुगल फॉर्म वापरलास तर ईमेल गोळा करायची सोय बंद कर. सीआरच्या (वर्ग-प्रतिनिधीच्या) हातून वाटू नकोस, मॅडम वर्गात उभ्या असताना तर नाहीच. वर्ष, लिंग, गाव आणि हॉस्टेल हे चारही एकत्र विचारलेस तर दीडशेच्या बॅचमध्ये निपाणीचा तिसऱ्या वर्षाचा मुलगा कोण ते सगळ्यांना कळेल. त्यांतलं अभ्यासाला लागेल तेवढंच ठेव. तू स्वतः ओढतोस म्हणून हा प्रकल्प करू नये असं नाही, पण मित्रांच्या तोंडी मुलाखती घेऊ नकोस आणि तुझा स्वतःचा फॉर्म त्यात धरू नकोस. छापील कागद आणि बंद पेटी अजूनही सगळ्यांत भरवशाची. पेटी वाचनालयाच्या दाराशी ठेव, तिथं कोण किती वेळ थांबलं हे कुणी बघत नाही. कागदाच्या शेवटी क्विटलाइनचा नंबर छाप, आणि तो फाडून नेता येईल असा ठिपक्यांच्या रेषेखाली.